अण्णाच्या हातांनी पाहिलेलं हळेबीड

बेंगळुरूतल्या आमच्या बसवनगुडीच्या घरात जिन्याखाली दोन सीटांची एक सायकल जवळजवळ वर्षभर उभी होती. ती आमची नव्हे. वरच्या मजल्यावर पुण्याची एक मुलगी भाड्याने राहते, इंदिरानगरला एका कंपनीत कामाला आहे. तिने आणि तिच्या नवऱ्याने ती हौसेने घेतली, पाच-सहा रविवार फिरवली, आणि मग नवऱ्याला कंपनीने परदेशी पाठवलं. दोघांची सायकल एकटीने कशी चालवणार? तिने तिच्यावर जुनी चादर टाकली आणि विषय संपवला.

माझ्या थोरल्या भावाने, अण्णाने, मात्र तो संपवला नाही. अण्णा त्रेसष्ट वर्षांचा आहे. राजाजीनगरच्या एका कारखान्यात तो पस्तीस वर्षं टर्नर होता. लेथवर लोखंडाचा गोल तुकडा लावायचा, तो गरगर फिरवायचा आणि धारदार टूलने हवा तसा घडवायचा, हे त्याचं काम. काचबिंदूने त्याची नजर कडेकडेने कमी होत गेली. आमच्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. शेवटी नऊ वर्षांपूर्वी एका सोमवारी तो कारखान्यातून स्वतःहून घरी आला आणि म्हणाला, "आज टूल बोटाजवळ आलेलं मला दिसलं नाही. संपलं." आता त्याला दिवस आणि रात्र एवढंच कळतं.

मी त्याच्याहून आठ वर्षांनी धाकटी. शाळेत गणित शिकवते, लग्न केलं नाही, अण्णा आणि वहिनीबरोबर याच घरात राहते. आमचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. आमच्या मराठीत कन्नड इतकं मिसळलंय की वरच्या मुलीला सुरुवातीला गंमत वाटायची. "स्वल्प थांब", म्हणजे जरा थांब, म्हटलं की ती हसायची. आता तीच मला "सरी, अक्का" म्हणते, म्हणजे बरं, ताई.

तर जिन्यावरून जाता-येता अण्णाचा हात त्या सायकलला लागायचा. एक दिवस मी शाळेतून आले तर चादर बाजूला, आणि अण्णा जमिनीवर बसून चेन पुसत होता. हात काळे, शर्ट काळा.

"हिला दोन चेन आहेत," तो मला म्हणाला. "एक मागच्या चाकाची, आणि एक दोघांची पायडलं एकमेकांना बांधणारी. म्हणजे एकाने फिरवलं की दुसऱ्याचं फिरतंच. छान डोकं चालवलंय कुणीतरी. पण चेन ढिली आहे."

तेवढ्यात वरची मुलगी ऑफिसातून आली. मला वाटलं रागावेल. तर ती खुश होऊन म्हणाली, "काका, तुम्हीच चालवा ना! मागच्या सीटवरून तसंही काही दिसत नाही. माझा नवरा तर सारखा म्हणायचा, तुझी पाठ सोडून काही—" आणि मग तिच्या लक्षात आलं आपण काय बोललो. तिने जीभ चावली. अण्णा मात्र इतक्या मोठ्याने हसला की वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. कित्येक महिन्यांत तो तसा हसला नव्हता.

"पुढे कोण बसणार?" वहिनीने विचारलं.

अण्णाने माझ्या दिशेने मान वळवली. "टीचर बसेल."

मी तीस वर्षांत सायकलला हात लावला नव्हता. तेवढं मी सांगितलंही. "मग लाव आता," तो म्हणाला.

आम्ही पहाटे साडेपाचला निघायचो, रस्ते मोकळे असताना. पहिल्या दिवशी घरासमोरच पडलो. तिसऱ्या दिवशी फुलबाजाराच्या कोपऱ्यावर वळताना पडलो आणि शेवंतीच्या एका टोपलीचं वाटोळं केलं. फुलवालीने आम्हाला शिव्या द्यायला तोंड उघडलं, अण्णाकडे पाहिलं आणि मिटलं. अण्णाला ते कळलं. "तिला शिव्या देऊ दे," तो मला म्हणाला, "पडलो मी पण आहे." दोघांच्या सायकलीचं गणित साधं असतं पण अंगात भिनायला वेळ लागतो. निघताना दोघांचा पाय एकाच क्षणी दाबला गेला पाहिजे. वळताना मागच्याने आपलं वजन पुढच्यावर सोपवलं पाहिजे. आणि पुढच्याने सगळं बोललं पाहिजे: खड्डा, गतिरोधक, उजवीकडे, थांबतेय. दीड महिन्यात आम्ही न पडता वीस किलोमीटर जाऊन येऊ लागलो. तीन महिन्यांत पन्नास.

एक दिवस परत आल्यावर, चाक हातात धरून तपासता तपासता, अण्णा म्हणाला, "हळेबीडला जायचं."

मी म्हटलं, "बसने?"

"बसने कशाला?"

मग त्याने कारण सांगितलं. शिकाऊ असताना त्याच्या वर्कशॉपच्या मास्तरांनी सगळ्या मुलांना सांगितलं होतं की हळेबीडच्या देवळातले दगडी खांब लेथवर घडवलेत. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी, वीज नाही, मोटर नाही, आणि माणसाहून उंच दगड फिरवून त्याला गोलाई दिलीय. "मला ते कधीच पटलं नाही," अण्णा म्हणाला. "म्हटलं, मास्तर फेकतायत. एकदा जाऊन बघू. पण या महिन्यात ओव्हरटाइम, त्या महिन्यात कुणाचं लग्न. बघायचं राहून गेलं. आता हात तरी लावून येऊ."

हळेबीड म्हणजे होयसळांची जुनी राजधानी. बेंगळुरूपासून दोनशे किलोमीटरच्या वर. वहिनीने ऐकलं आणि दोन दिवस ती आमच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने शिलाईच्या मशीनवर बसून आमच्या दोघांच्या शर्टांच्या पाठीवर झगझगीत पिवळ्या पट्ट्या शिवल्या. शर्ट माझ्या हातात देत म्हणाली, "मागून येणाऱ्याला तरी दिसू दे." तीच तिची परवानगी.

दसऱ्याच्या सुट्टीत निघालो. तीन दिवसांचा बेत: पहिला मुक्काम येडियूरला, दुसरा चन्नरायपट्टणला, तिसऱ्या संध्याकाळी हळेबीड. नेलमंगलपर्यंत लॉऱ्या, धूर आणि हॉर्न. तो टप्पा मी जीव मुठीत धरून काढला. अण्णा मागे बसून गाड्यांच्या आवाजावरून ओळखत होता: "ही रिकामी लॉरी. ही भरलेली. हिचं बेअरिंग गेलंय." पुढे नारळाच्या बागा आणि नाचणीची शेतं सुरू झाली, आणि रस्त्याकडेच्या एका हॉटेलात आम्ही ताटलीएवढ्या तट्टे इडल्या खाल्ल्या. वाटलं, सोपं आहे की हे.

कुणिगल ओलांडल्यावर एका चढावर कडकन आवाज झाला आणि माझे पाय एकदम हलके झाले. अण्णाने ताणून बसवलेली, दोघांना जोडणारी चेन उतरली होती. सायकल रस्त्याच्या कडेला घेतली. मी चेनकडे बघत उभी राहिले. बघून मला काही कळत नव्हतं. अण्णा खाली बसला, हत्यारांची पिशवी मांडीवर उघडली आणि बोटं दातेरी चाकांवरून, चेनवरून, नटांवरून फिरवू लागला.

इतक्यात एक छोटा टेम्पो थांबला. चालक उतरून आला. त्याने अण्णाकडे नीट पाहिलं आणि मला विचारलं, "अवरिगे काणिसल्वा?" त्यांना दिसत नाही का?

मी उत्तर देणार, तेवढ्यात अण्णाच खालून म्हणाला, "काणिसल्ला. आदरे गोत्तागत्ते." दिसत नाही, पण कळतं.

तो माणूस ओशाळला. म्हणाला, सायकल टेम्पोत टाका, मी येडियूरला सोडतो. ऊन तापलं होतं आणि माझं मन तयार होतं. अण्णा म्हणाला, "दहा मिनिटं द्या." मग त्याने दोन्ही पायडलं सारख्या कोनात आणली, एक बोट चाकाच्या वरच्या दात्यावर ठेवून कडी-कडी करत चेन बसवली, कुठलासा नट सैल करून ती ताणली, अंगठ्याने मध्येच दाबून ताण पाहिला आणि नट परत घट्ट केला. टेम्पोवाला मांडी घालून त्याच्या शेजारी बसला होता. काम झाल्यावर त्याने स्वतःच्या गळ्यातला टॉवेल काढून अण्णाला हात पुसायला दिला. पुढचे दहा किलोमीटर मी ताठ बसून सायकल चालवली, जणू चेन मीच बसवली होती.

दुसऱ्या दिवशी माझा ताठा उतरला. रात्रभर गुडघे ठणकत होते. सकाळपासून समोरून वारा. रस्ता लाटांसारखा वर जायचा, खाली यायचा. पन्नाशी उलटलेलं शरीर मला एकेक गोष्ट सांगू लागलं. अण्णा मागून नेटाने फिरवत होता, जुन्या यंत्रासारखा, एका लयीत. अकराच्या सुमाराला माझ्यात काहीच उरलं नाही. आणि मी एक गोष्ट केली जी मी आजवर वहिनीलाही सांगितलेली नाही.

मी म्हटलं, "अण्णा, पुढे फार मोठा चढ आहे. उतरून चालू या."

चढ नव्हता. सरळ रस्ता होता आणि पुढे हलकासा उतार. मला फक्त उतरायचं होतं, आणि दमले म्हणायची लाज वाटत होती. आम्ही उतरलो. मी हँडल धरलं, अण्णाने मागच्या सीटवर हात ठेवला, आणि चालू लागलो. वीस पावलं, तीस पावलं.

"टीचर," अण्णा म्हणाला.

"काय?"

"चढावर सायकल ढकलावी लागते. ही तर मला पुढे ओढतेय."

मी थांबले. तोही थांबला. बाजूने एक बस गेली. त्याच्या चेहऱ्यावर राग मी फार थोड्या वेळा पाहिलाय, त्यातली ही एक वेळ.

"नऊ वर्षं सगळे मला चढ-उतार सांगतायत," तो म्हणाला. "डॉक्टर सांगतात, बायको सांगते, दुकानदार सांगतात. मी ऐकतो, कारण दुसरा उपाय नाही. पण या सायकलवर मी तुझ्यावर विश्वास टाकून बसतो. डोळे तुझे असतील, रस्ता दोघांचा आहे."

मला रडू आलं. "दमले रे मी," मी म्हटलं.

"मग दमले म्हण. त्यात काय? दमलीस तर बसू."

चिंचेच्या झाडाखाली एक बाई एळनीर विकत होती. आम्ही दोन-दोन शहाळी प्यायलो. अण्णाचा राग पाण्याबरोबर उतरला. माझी लाज उतरायला वेळ लागला. त्या झाडाखाली मी ठरवलं की आता जे दिसेल ते सगळं सांगायचं, फक्त खड्डे नाहीत.

आणि मी सांगू लागले. डावीकडे तळं आहे, अर्धं आटलेलं, मधे बगळे. एका घरावर मिरच्या वाळत घातल्यात, कौलं दिसत नाहीत इतक्या. एका कट्ट्यावर मुली बसल्यात, दोन-दोन वेण्या घालून, आपल्याकडे बघतायत, एकीने हात हलवला. अण्णाने लगेच हात हलवला, चुकीच्या बाजूला. "दुसरीकडे," मी म्हटलं, आणि त्याने बाजू बदलली. मुली खिदळल्या. बोलता बोलता माझे गुडघे मी विसरले असं म्हणणार नाही, ते दुखतच होते. पण चन्नरायपट्टण आलं तेव्हा मला बसस्टँड दिसलं आणि बसमध्ये चढावंसं वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी हासनला दुपारचं जेवण घेतलं आणि लॉऱ्यांचा रस्ता सोडून हळेबीडच्या वाटेला लागलो. अरुंद रस्ता, दोन्हीकडे हिरवं, लांबवर डोंगर. सूर्य कलायला लागला तेव्हा देवळाचं आवार दिसलं. शिखर नाही, उंच काही नाही, नुसता एक रुंद काळसर ठोकळा जमिनीला धरून बसलेला. "आलं," मी म्हटलं. अण्णाने पाय थांबवले. दोनशे वीस किलोमीटरमध्ये त्याने माझ्या सांगण्यावाचून पाय थांबवले ते तेवढ्याच वेळी.

दरवाजे बंद व्हायची वेळ झाली होती म्हणून रात्री लॉजवर झोपलो आणि सकाळी आत गेलो. चपला काढल्यावर दगड पायांना गार लागला. मी त्याचा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि भिंतीच्या कडेने चालत सांगत गेले. सगळ्यात खाली हत्ती, एकामागे एक. वर सिंह. वर वेल. मग घोडेस्वार. त्याच्यावर गोष्टी, माणसं, लढाया. त्याच्यावर मोठे देव, अंगभर दागिने.

"हत्ती सगळे सारखे?" त्याने विचारलं.

मी वाकून पाहिलं, बरीच पुढे जाऊन पाहिलं. "नाहीत. एकाची सोंड वर आहे, एकाची मागच्याकडे वळलीय. एक पुढच्याची शेपटी धरतोय."

"म्हणजे साचा नाही," अण्णा म्हणाला. "हाताचं काम."

आत सभामंडपात अंधार होता. हळूहळू खांब दिसू लागले. गोल, एकावर एक चकत्या रचाव्यात तसे, मधे घंटेसारखे फुगलेले, आणि इतके गुळगुळीत की दारातला उजेड त्यांच्यावर रेघेसारखा पडला होता. मी अण्णाला एका खांबाजवळ नेलं. त्याने हात पुढे केला.

"मुट्टबेडी!" मागून आवाज आला. हात लावू नका. खाकीतला राखणदार लगबगीने येत होता.

मी वळले. तीन दिवसांचा सगळा शीण माझ्या तोंडाशी आला. या माणसाने बेंगळुरूहून पायडल मारत येऊन, याच खांबासाठी येऊन, हात लावायचा नाही? डोळे असणाऱ्यांनी पोटभर पाहायचं आणि याने काय करायचं? मी हे सगळं बोलणार होते. अण्णाने माझं मनगट दाबलं.

"त्यांचं बरोबर आहे," तो कन्नडमध्ये शांतपणे म्हणाला. "घामाने काम खराब होतं. आम्हीही फिनिश झालेल्या जॉबला उघडा हात लावू द्यायचो नाही."

राखणदार थांबला. त्याने अण्णाच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग पिवळ्या पट्टीच्या शर्टाकडे. "एन् केलस माडतिद्रि?" काय काम करायचात?

"टर्नर होतो. लेथवर."

राखणदार काही बोलायच्या आत खांबाआडून एक म्हातारा गाइड पुढे आला. तो गिऱ्हाइकाची वाट बघत तिथे बसला होता. "लेथवर?" त्याने विचारलं. "खरोखर लेथवर? मी वीस वर्षं लोकांना सांगतोय की हे खांब लेथवर केलेत. मी स्वतः लेथ कधी पाहिलं नाही."

त्याने आणि राखणदाराने आपसात काहीतरी बोलून घेतलं. मग राखणदार म्हणाला की इथे नियम मोडता येणार नाही, पण जवळच जैन बसदी, म्हणजे जैनांचं देऊळ, आहे. तिथे याहून सुंदर खांब आहेत, गर्दी नसते. तिथल्या राखणदाराला विचारा, तो माझा ओळखीचा आहे. हात धुवा, कोरडे करा आणि सांभाळून लावा. गाइड म्हणाला, "मी येतो बरोबर."

बसदीतल्या राखणदाराने सगळं ऐकून घेतलं, स्वतः तांब्यातून अण्णाच्या हातावर पाणी ओतलं आणि स्वच्छ पंचा दिला. आत आमच्याखेरीज कुणी नव्हतं. खांब काळेभोर, आरशासारखे. माझाच चेहरा त्यात लांबट होऊन माझ्याकडे बघत होता.

अण्णाने आधी बोटांची मागची बाजू लावली. मग नख, अगदी हलकं. मग अंगठा. तो खांबाभोवती एका दिशेने चालू लागला, बोट एकाच खाचेत ठेवून. पूर्ण फेरी झाली. पुन्हा एक फेरी, खालच्या खाचेत. मी त्याचा चेहरा पाहत होते. नऊ वर्षांत मी तो चेहरा पाहिला नव्हता. कारखान्यातून कठीण काम करून घरी यायचा तेव्हा असायचा तसा, थकलेला आणि आतून उजळलेला.

"खाच सगळीकडे एकाच खोलीची आहे," तो शेवटी म्हणाला. "हाताने, छिन्नीने इतकी सारखी कुणाच्या बापाला येणार नाही. हा फिरलाय. मास्तर फेकत नव्हते."

"दगड कठीण असतो ना पण?" मी विचारलं.

गाइड म्हणाला, "हा खाणीतून काढला की मऊ असतो. हवा लागली की घट्ट होत जातो."

"मग तर वेळेचंही काम आलं," अण्णा म्हणाला. "मऊ आहे तोवर आटपायचं." त्याने पुन्हा खांबाला बोट लावलं, छातीच्या उंचीवर, आणि तिथेच थांबला. मागे गेला, पुढे आला. "टीचर, इथे बघ. काही दिसतंय?"

मी डोळा अगदी जवळ नेला. "काही नाही. गुळगुळीत आहे."

"दिसणार नाही. इथे त्याने टूल उचललंय आणि परत लावलंय. धार गेली असेल, किंवा फिरवणारे दमले असतील. अगदी केसभर फरक आहे. मग त्याने तो घासून काढलाय, कुणाला कळू नये म्हणून." तो हसला. "मला कळला."

गाइडने विचारलं, एवढा जड दगड आडवा ठेवून फिरवला असेल का? अण्णाने विचार केला. खात्रीने सांगता येणार नाही, म्हणाला, पण मला वाटतं उभाच फिरवला असावा. आडवा फिरवला तर मधल्या वजनाने डगमगेल आणि खाचांना लाटा येतील. इथे लाट नाही. गाइडने खिशातून छोटी वही काढली आणि लिहून घेतलं. आपलं बोलणं कुणी लिहून घेतंय हे अण्णाला दिसलं नाही. मी सांगितलं. तो जरासा लाजला.

आम्ही तासभर तिथे होतो. प्रत्येक खांबाला तो भेटला. एकाबद्दल म्हणाला, हा शिकाऊ माणसाचा आहे, पण चांगला शिकणारा. एकापाशी नुसती मान हलवत राहिला.

नंतर आम्ही आवारातल्या झाडाखाली बसून चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला पिवळा भात, खात होतो. मोठ्या बसमधून माणसं उतरली आणि तोच गाइड त्यांना घेऊन आत गेला. मंडप उघडा असल्यामुळे त्याचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. आधी राजाचं, राणीचं, बसदीचं बोलला. मग म्हणाला, "हे खांब लेथवर फिरवून केलेत. मी सांगतो म्हणून नव्हे. बेंगळुरूहून एक टर्नर आला होता, त्याने हात लावून तपासलंय. त्याने मला जागा दाखवली जिथे कारागिराने टूल उचललं होतं. आपल्याला डोळ्यांनी दिसत नाही ती."

मी अण्णाकडे पाहिलं. तो घास चावत होता. चावणं त्याने थांबवलं नाही, पण फार सावकाश चावत होता.

मला आयुष्यात बऱ्याच गोष्टींचा अभिमान वाटलाय. माझ्या विद्यार्थिनी मोठ्या झाल्या, कुणी डॉक्टर झाली, कुणी माझ्यासारखी टीचर. पण त्या दुपारी छातीत जे भरून आलं ते वेगळं होतं. "माझा भाऊ आहे तो," असं उठून आत जाऊन त्या बसभर माणसांना सांगावंसं वाटलं. मी उठले नाही. त्याला ते आवडलं नसतं.

येताना सायकल चालवली नाही, हे कबूल करते. सुट्टी संपत आली होती आणि गुडघ्यांनी हात जोडले होते. हासनहून नारळ घेऊन बेंगळुरूला निघालेल्या एका लॉरीवाल्याने सायकल नारळांवर बांधली आणि आम्हा दोघांना पुढे बसवून घेतलं. अण्णा नेलमंगलपर्यंत झोपला.

घरी पोचलो तेव्हा वहिनी दारात होती. आमचे काळवंडलेले चेहरे बघून तिने कपाळाला हात लावला, चहा ठेवला आणि अण्णाला विचारलं, "काय पाहिलंत एवढं?" ती तसं सहजच बोलली. 'पाहिलंत' या शब्दाला आमच्या घरात आता कुणी अडखळत नाही.

अण्णाने सांगायला सुरुवात केली. खांब, खाचा, मऊ दगड. वहिनी हो हो म्हणत होती, पण तिला कळत नव्हतं हे मला दिसत होतं. अण्णालाही कळलं असावं. तो उठला, चाचपत पलंगाजवळ गेला. आमच्याकडे जुना पलंग आहे, गोल नक्षीच्या पायांचा. त्याने वहिनीला हाक मारली, खाली बसायला लावलं आणि तिचं बोट धरून पलंगाच्या पायाच्या खाचेत ठेवलं.

"हे लाकूड आहे," तो म्हणाला. "हे असं फिरतं. आणि टूल इथे, असं, आडवं. हात हलू द्यायचा नाही. श्वास सोडताना दाब द्यायचा, घेताना नाही."

इतकी वर्षं वहिनीने त्याला डबा बांधून दिला. काळे शर्ट धुतले. तो तिकडे दिवसभर काय करतो हे तिने कधी विचारलं नव्हतं आणि त्याने कधी सांगितलं नव्हतं. ती फरशीवर बसून डोळे मिटून बोट फिरवू लागली.

"असं?" तिने विचारलं.

"आणखी हळू," अण्णा म्हणाला.

चहा उकळून वर येत होता. मी आत गेले आणि गॅस बारीक केला.